शाळेची एक खोली, सायंकाळी दीड तास

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिकांचे आयुक्त, नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी आणि त्यांच्या अखत्यारीतील शाळांचे मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका यांस

विषय : दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगसाठी सायंकाळी शाळेची एक खोली भाड्याने मिळणे आणि त्या खोलीचा पत्ता गरजूला सापडेल अशा जागी लावणे याबाबत.

महोदय / महोदया,

विषयाच्या ओळीत लिहिले आहे तेवढेच मागणे आहे. अनुदान, भूखंड किंवा इमारत मागण्यासाठी हे पत्र नाही. मी एका निमसरकारी कार्यालयात तीस वर्षे आवक-जावक लिपिक होतो, त्यामुळे अर्ज कसा लिहावा हे मला कळते आणि तो कोणत्या टेबलावर, कोणत्या शेऱ्याखाली पडून राहतो हेही कळते. त्या तीस वर्षांतली बरीचशी वर्षे मी पीत होतो. शेवटची काही वर्षे तर टपाल फोडताना हात थरथरू नयेत म्हणून घेऊनच कामावर येत असे, आणि ते सगळ्या कार्यालयाला ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. गेली अकरा वर्षे मी प्यायलेलो नाही. त्यातले पहिले वर्ष मी कोणाच्या बळावर काढले असे विचाराल, तर एका नगरपरिषद शाळेच्या खोलीत आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या सात-आठ माणसांच्या बळावर.

पत्राखाली माझे नाव नाही, याचा आधी खुलासा करतो, कारण निनावी अर्जाचे काय होते हे मला माहीत आहे. मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळींपैकी एक आहे. लोक आम्हाला थोडक्यात ‘ए. ए. वाले’ म्हणतात. वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रपट अशा सार्वजनिक माध्यमांत सभासदाने स्वतःचे नाव पुढे करू नये, अशी आमची एक परंपरा आहे. दुसरी अशी की बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर संघटना म्हणून आमचे मत नसते. दारूबंदी असावी की नसावी यावरसुद्धा नसते. म्हणून खोली मिळावी हे मत माझे एकट्याचे आहे, ते कोणत्याही गटाचे निवेदन समजू नये.

आता ज्या संध्याकाळमुळे हे पत्र लिहावेसे वाटले तिच्याविषयी सांगतो. मार्च महिना होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरने केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला एका शाळेचे नाव, ‘खोली क्र. ३, मंगळवार-शुक्रवार, सायं. ७’ असे लिहून दिले होते. तो कागद नऊ दिवस खिशात घेऊन मी हिंडलो. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळपासून घेतली नाही. दुपारी अंगाला घाम सुटला, तरी घेतली नाही. सहा वाजताच शाळेजवळ पोहोचलो, ओळखीचे कोणी पाहू नये म्हणून शाळेला दोन फेऱ्या घातल्या आणि सातला पाच कमी असताना गेटसमोर उभा राहिलो. गेटला कुलूप होते. पहारेकरी म्हणाला, दहावीची परीक्षा आहे, खोल्या सील केल्यात, ती माणसे सध्या कुठे बसतात मला ठाऊक नाही. त्या गेटपासून परमिट रूम किती पावलांवर होती हे मोजून सांगत नाही. आपल्याच शहरात अशी एखादी शाळा असेल, तिच्यावरून अंदाज येईल.

त्यानंतर मी पुन्हा प्रयत्न केला तो चौदा महिन्यांनी, रक्ताची उलटी होऊन रुग्णालयात दाखल झाल्यावर. पुढे गटात बसू लागल्यावर कळले की त्या तीन आठवड्यांत गट शाळेपासून आठ मिनिटांच्या अंतरावर, चर्चच्या मागच्या लहान हॉलमध्ये भरत होता. शाळेची यात चूक नव्हती. परीक्षेच्या काळात खोल्या बंद ठेवणे हे तिचे कामच होते, आणि दारू मी प्यायलो, पहारेकऱ्याने पाजली नाही. पण गेटशेजारी सुविचार लिहायचा फळा होता. त्यावर खडूने एक ओळ लिहिलेली असती, तर माझे, आणि माझ्यापेक्षाही माझ्या बायकोचे, चौदा महिने वाचले असते. पिणाऱ्या माणसाला सोडण्याची इच्छा होते, अनेकदा होते. पण ती दिवसभर टिकत नाही. सकाळी आलेली इच्छा संध्याकाळपर्यंत टिकली तर त्या संध्याकाळी दार उघडे सापडावे लागते, आणि ते जवळ असावे लागते.

ही मीटिंग म्हणजे नेमके काय, याविषयी कार्यालयांत पुष्कळ गैरसमज दिसतात. कोणाला ते भजनी मंडळ वाटते, कोणाला धर्मप्रसार, कोणाला निवडणुकीआधीची जुळवाजुळव. १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक असे दोन अट्टल मद्यपी एकमेकांना भेटले आणि एकमेकांशी बोलत राहिल्याने आपण पिण्यापासून दूर राहतो, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून हे काम उभे राहिले. आपल्याकडे ते १९५७ च्या सुमारास दिल्ली-मुंबईत सुरू झाले आणि मुंबईत रुजले. मुंबईत आजही कितीतरी गट महापालिकेच्या शाळांच्या वर्गांत किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. म्हणजे मी मागतो आहे ती सोय राज्याच्या राजधानीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तालुक्याच्या गावी मात्र तिची मागणी केली की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे चेहरे होतात.

मीटिंग तास-दीड तासाची असते. सुरुवातीला एक निवेदन वाचतात, मग एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगतो, मी दारुडा आहे असे म्हणतो आणि स्वतःविषयी बोलतो: काय होत होते, काय झाले, आज काय आहे. त्याला आम्ही शेअरिंग म्हणतो. मध्येच कोणी सल्ला देत नाही, वाद घालत नाही, आणि बोलायचे नसेल तर माणूस नुसता बसून राहू शकतो. मी पहिले पाच आठवडे तसाच बसून होतो. काही मीटिंगा खुल्या असतात, तेथे घरचे, डॉक्टर, कोणीही येऊ शकते. काही बंद असतात, तेथे फक्त ज्याला दारू सोडायची आहे तोच बसतो. सभासदत्वासाठी तेवढी इच्छा पुरते. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल तो पाच-दहा रुपये टाकतो, आणि त्यातून चहा, पुस्तिका आणि खोलीचे भाडे निघते. प्रार्थना होते, पण ज्याची जी श्रद्धा असेल ती त्याने धरावी आणि नसेल तर नसू द्यावी. आमच्या गटात गळ्यात तुळशीची माळ असलेले दोघे आहेत, एक दर्ग्यावर जाणारा आहे आणि एक निवृत्त शिक्षक असे आहेत की ते प्रार्थनेच्या वेळी खिडकीबाहेर बघत राहतात.

माळ घालून दारू सुटलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. निरूपणाच्या बैठकीला जाऊन सुटलेली पाहिली आहेत. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून बरी झालेली तर आमच्यातच कितीतरी आहेत. मीटिंग हाच एक मार्ग आहे असे मी म्हणत नाही. उलट, रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करून थेट मीटिंगला येऊन बसणे धोक्याचे असते, हे मी प्रत्येक नव्या माणसाला आधी सांगतो. पहिल्या तीन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तो काळ रुग्णालयाचा आहे. रुग्णालयातून माणूस दहा दिवसांनी किंवा केंद्रातून महिना-दीड महिन्याने घरी येतो, तेव्हा गल्ली तीच असते, दोस्त तेच असतात, आणि पहिला पगार, गटारी, धुळवड, भावकीतले लग्न सगळे ओळीने वाट पाहत उभे असते. तेव्हापासून पुढची गोष्ट मीटिंगची आहे. नव्याला आम्ही नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर असे सांगतो, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत हे सांगताना आम्हालाच ओशाळल्यासारखे होते, कारण आठवड्याला दोन मीटिंगा भरणाऱ्या गावात नव्वद मीटिंगांना जवळजवळ वर्ष लागते.

आकडे मागितले जातील म्हणून दोन देतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीवर गेलेले आहे, आणि दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाले आहेत. दुसरा आकडा मीटिंगांविषयी आहे. ए. ए. आणि त्याच्याशी जोडलेल्या उपचारपद्धतींवरच्या २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती असलेला, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०२० मध्ये आला. अखंड व्यसनमुक्त राहणाऱ्यांच्या प्रमाणात ही पद्धत इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस आणि बाकीच्या बाबतींत त्यांच्या बरोबरीची ठरली. आम्हाला आमच्या बाकावरून हे दिसतच होते, पण टिपणीत लावायला कागद असलेला बरा.

तरीही शाळाच का, असे एका अधिकाऱ्यांनी मला विचारले होते, आणि प्रश्न रास्त होता. देवळाच्या सभामंडपात मुसलमान आणि ख्रिस्ती माणूस बिचकतो, आणि खरे सांगायचे तर आपल्या गावांत काही हिंदू माणसेही बिचकतात. समाजमंदिर म्हटले की ते कोणत्या समाजाचे, हा प्रश्न आलाच. रुग्णालयात गेले की केसपेपर काढावा लागतो आणि रांगेत शेजारी उभा असलेला ओळखीचा निघतो. मंगल कार्यालयाचे भाडे डब्यातल्या चिल्लरीतून निघत नाही. शाळा सगळ्यांची असते. तिच्या गेटातून आत शिरणाऱ्याला कोणी कुठे निघालास म्हणून विचारत नाही, पालक म्हणूनही माणूस शाळेत जातोच. शिवाय सायंकाळी सातनंतर ती रिकामी असते, तिथे दिवे असतात, पिण्याचे पाणी असते आणि शहराच्या प्रत्येक भागात ती असते. बाक तेवढे लहान असतात. तिसरीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला पन्नाशीचा माणूस प्रथम बघताना हसू येते. आमच्यातला एक जण एकदा बसला तो नेमका स्वतःच्या मुलीच्या वर्गात, आणि भिंतीवर लावलेल्या चित्रांत तिचे नाव दिसल्यावर त्या दिवशी त्याला काही बोलता आले नाही.

सरकारी जागा आणि व्यसनमुक्ती यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी आणि डॉ. अनिता अवचट यांची मेहनत त्यामागे होती हे सर्वांना माहीत आहे. ते सुरू झाले येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात, हे मात्र विसरले जाते. तिथे इमारत लागली होती, आम्हाला एक खोली पुरते.

आता अडचणीचा भाग. गेल्या काही वर्षांत मी आणि माझ्या मित्रांनी तीन ठिकाणी अर्ज केले. कोणते गाव, कोणती शाळा हे लिहीत नाही. तिन्ही ठिकाणी आमच्याशी कोणी वाईट बोलले नाही, चहासुद्धा मिळाला, आणि तिन्ही ठिकाणी एकच छापील नमुना हातात आला: संस्थेचा नोंदणी क्रमांक, अध्यक्ष व सचिव यांची नावे आणि आधार क्रमांक, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कार्यक्रमाचे स्वरूप, उपस्थितांची यादी.

हा नमुना मी दोष देण्यासाठी उद्धृत करत नाही. मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला असतो तर मीही हाच पुढे केला असता. पण तो आमच्या बाबतीत कुठे अडतो ते पाहावे. गावातल्या दहा-बारा जणांच्या गटाला स्वतःची नोंदणी नसते, कारण गट म्हणजे संस्था नव्हे, ठरलेल्या वेळी एकत्र बसणारी माणसे. आमच्याकडे अध्यक्ष नसतो. सेक्रेटरी असतो, पण त्याचे काम खोली उघडणे, चहा सांगणे आणि डबा मोजणे एवढेच, आणि तेही काही महिन्यांनी दुसऱ्याकडे जाते. आमच्या परंपरेप्रमाणे बाहेरून देणगी घेता येत नाही, म्हणून लेखापरीक्षण करावे असा पैसाही नसतो; गेल्या महिन्यात आमच्या डब्यात भाडे देऊन दोनशे चाळीस रुपये उरले होते.

आणि यादी तर देताच येत नाही. येथे मला थोडे थांबावे लागेल, कारण आमचे तिन्ही अर्ज याच रकान्यावर अडले. तालुक्याच्या गावात यादी म्हणजे काय असते ते मी तीस वर्षे पाहिले आहे. ती फायलीत लागते, फाईल टेबलावर असते, टेबलापाशी माणसे येतात. त्या यादीत एसटीचा चालक असेल तर डेपोत चर्चा होईल, शिक्षक असेल तर पालकसभेत होईल, आणि एखाद्या मुलीचा बाप असेल तर ती तिच्या होणाऱ्या सासरपर्यंत जाईल. गंमत अशी की ज्याने नाव लपवावे असे काही तो करत होता तेव्हा, म्हणजे चौकात पडलेला असताना, त्याचे नाव सर्वांना माहीत होतेच; पण पिणारा म्हणून ओळख असणे त्याला चालते आणि उपचार घेणारा म्हणून ओळख होणे चालत नाही. हे चूक आहे, पण तसे आहे. वहीवर सही करायला सांगितली तर नवा माणूस पुढच्या मंगळवारी येणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो; एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन असे त्याचे प्रकारही आहेत. परमिट रूममध्ये माझ्या पिण्याच्या सगळ्या वर्षांत तो मला कोणीही विचारला नाही. नाव-पत्ता पहिल्यांदा विचारला गेला तो सोडणाऱ्यांसाठी खोली मागितली तेव्हा.

तेव्हा पर्याय सुचवतो. खोलीची जबाबदारी घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावे, ओळखपत्राच्या प्रती आणि दूरध्वनी क्रमांक कार्यालयाने जरूर घ्यावेत. असे दोघे प्रत्येक गटात तयार असतात, मी स्वतः एकदा झालो आहे. मोडतोडीपोटी लहानशी अनामत घ्यावी. भाडे जरूर घ्यावे, आणि ते माफ करू नये ही विनंती, कारण फुकटची खोली आमच्या परंपरेत बसत नाही. फक्त ते लग्नसमारंभाच्या दराने लावू नये. आतील माणसांची नावे मात्र विचारू नयेत. एखाद्या मुख्याध्यापिकेला शंका असेल तर त्यांनी महिन्यातल्या खुल्या मीटिंगला येऊन मागच्या बाकावर बसावे आणि काय चालते ते स्वतः पाहावे. एक बाई अशा आल्या होत्या. त्या मध्येच उठून गेल्या, आम्हाला वाटले नाराज झाल्या, आणि पुढच्या खुल्या मीटिंगला आपल्या भावाला घेऊन आल्या.

दारुडे शाळेत येणार, या आक्षेपाला लपवाछपवी न करता उत्तर देतो. मीटिंगला क्वचित कोणी पिऊन येते. त्याला हाकलत नाही. एक जण त्याच्या शेजारी बसतो, बोलू न देता ऐकायला बसवतो, फारच झाले तर दोघे मिळून घरी सोडून येतात. अकरा वर्षांत पोलीस बोलवावे लागले असे एकदाही झालेले नाही. खरा त्रास दुसराच आहे आणि त्यात दोष आमचा आहे: मीटिंग सुटल्यावर आमची माणसे गेटबाहेर विडी-सिगारेट ओढत गप्पा मारत उभी राहतात, आणि सकाळी थोटके झाडण्याचे काम शाळेच्या मावशींवर येते. शाळेच्या आवारात आणि दारात तंबाखू नको हा नियम आम्हाला लागू आहे. भाड्याच्या पावतीवर ही अट लिहावी आणि मोडल्यास खोली काढून घ्यावी. गटाला ते मान्य करावेच लागेल.

स्त्रियांविषयी दोन वाक्ये लिहून हा विषय संपवता येणार नाही, पण या पत्रापुरते सांगतो. पिणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्या सायंकाळी सातला पुरुषांनी भरलेल्या खोलीत येत नाहीत. पिणाऱ्यांच्या बायका, आया, मुली यांच्यासाठी अल-अनॉनचे वेगळे गट असतात, मुक्तांगणमध्ये ‘सहचरी’ आहे. पण लहान गावांत यांतले काही सापडत नाही, आणि सापडले तरी सायंकाळची वेळ त्यांच्या स्वयंपाकाची असते. सकाळच्या सत्राची शाळा दुपारी रिकामी असते. दुपारी तीनची खोली मिळाली तर कोण येते ते पाहता येईल. माझ्या पत्नीला मी सोबर झाल्यावर चार वर्षांनी असा गट मिळाला, तोही दुसऱ्या शहरात, एसटीने दीड तास जाऊन. ती अजूनही जाते. मी बरा झालो म्हणजे तीही आपोआप बरी झाली असे मी धरून चाललो होतो, हे ती तिथे सांगते. मला ते तिने नंतर सांगितले.

आता पत्त्याविषयी. आपल्या कोणत्याही एसटी स्थानकात जाऊन भिंती वाचाव्यात. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पत्रके आणि खाली मोबाइल क्रमांक मुतारीच्या दारापर्यंत चिकटवलेले दिसतील. या पत्रकांवरून मिळणारे चूर्ण बायका चोरून आमटीत घालतात. त्यात डायसल्फिरामसारखे औषध मिसळलेले असेल आणि न कळता घेतलेल्या माणसाने वरून दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून त्याच्या जिवावर बेतू शकते. ज्या घरातली बाई ते चूर्ण विकत घेते, ती आपल्या माणसासाठी काहीतरी करायला निघालेली असते, हातात पैसे घेऊन निघालेली असते, आणि भिंतीवर तिला तेवढाच एक क्रमांक दिसतो. शासनाची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६ आहे. हे क्रमांक मला स्वतःला सोबर झाल्यावर पुष्कळ वर्षांनी समजले. ए. ए. च्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंगांची यादी असते आणि २०२० पासून पुष्कळ मीटिंगा ऑनलाइनही भरतात, पण संकेतस्थळ उघडून पाहणारा माणूस आणि केसपेपरच्या मागे पत्ता लिहून घेणारा माणूस एकच असतो असे नाही.

म्हणून विनंती अशी की पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात, केसपेपर काढतात त्या खिडकीशेजारी, एक पाटी असावी: जवळची मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, आणि हेल्पलाइनचे क्रमांक. फ्लेक्स नको. फ्लेक्स एकदा लागला की मीटिंगची जागा बदलली तरी तो तसाच राहतो आणि माझ्यासारख्याला बंद गेटपाशी नेऊन सोडतो. खडूचा फळा किंवा बदलता येणारा कागद असावा, त्याच्या कोपऱ्यात तो शेवटी कधी तपासला ती तारीख असावी, आणि दर महिन्याला गटाच्या सेक्रेटरीने येऊन तो तपासावा. हे काम आमचे आहे, कर्मचाऱ्यांवर टाकू नये. आम्हाला फक्त खिडकीपर्यंत येऊ द्यावे. दवाखान्यातल्या परिचारिका आणि कंपाउंडर यांना एवढेच सांगावे की पत्ता देताना एखाद्या सभासदाला फोन लावून द्यावा. पहिल्या दिवशी गेटवर कोणीतरी भेटायला उभे राहणार आहे हे कळले की माणूस शाळेला फेऱ्या घालत नाही.

परीक्षा आणि निवडणुका यांबद्दल शेवटचे. दहावी-बारावीच्या परीक्षा, मतदान केंद्र, मतमोजणी या काळात खोली मिळणार नाही हे आम्ही गृहीत धरतो. पण हे दिवस आगाऊ ठाऊक असतात. आठ दिवस आधी गटाला निरोप मिळाला तर आम्ही दुसरी जागा पाहतो, आणि तेवढ्या दिवसांपुरती गेटवरच्या फळ्यावर नव्या जागेची एक ओळ लिहू द्यावी. ‘दारू’ हा शब्द लिहायलाच हवा असेही नाही, ‘खोली क्र. ३ ची मीटिंग’ एवढ्याने ज्याला कळायचे त्याला कळते.

आमच्या गटाला सध्या एका शाळेत खोली मिळाली आहे, तीही कागदोपत्री नव्हे, मुख्याध्यापकांच्या शब्दावर, आणि ते येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. किल्ली शिपाईमामांकडे असते. त्यांची रजा असली की ते ती समोरच्या पिठाच्या गिरणीत ठेवून जातात आणि फळ्यावर, त्या दिवसाच्या सुविचाराखाली, लिहितात : ‘तीन नंबरची किल्ली गिरणीत.’ मे महिन्यानंतर काय, हे विचारण्यासाठी चौथा अर्ज मी याच आठवड्यात आवक विभागात देणार आहे. उपस्थितांच्या यादीचा रकाना मी कोरा सोडला आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक सभासद